रात्री चमकणारा फिश टँक: निळा दिवा, काळी पाठ आणि मोजकी सजावट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळ घर आहे, माजघरात दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक आहे. गणपतीच्या मखराला लावलेली आरजीबी (लाल-हिरवा-निळा असे रंग बदलणारी) एलईडी पट्टी झाकणाला चिकटवली, तळाला किनाऱ्यावरची वाळू आणि पाच किलो 'ग्लो' दगड टाकले, शिंपले मांडले, मागे निळ्या समुद्राचं पोस्टर लावलं. तरी चमक येत नाही, सगळं जांभळट दिसतं. पाणी हिरवं होऊ लागलंय आणि मासे कोपऱ्यात बसतात. आता यूव्ही ट्यूब आणू का, असं तुम्ही विचारलंय.

यूव्ही ट्यूब आणू नका. तुमच्याकडे प्रकाश कमी पडत नाहीये, चुकीचा प्रकाश जास्त झालाय. शिवाय टँकमधली बहुतेक प्रत्येक वस्तू तो प्रकाश परत फेकतेय. चमक दिसायला आजूबाजूला अंधार लागतो, आणि तो अंधारच तुमच्या टँकमध्ये उरलेला नाही.

आधी 'चमकणं' म्हणजे काय ते पाहू, कारण दुकानात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. पहिली आपल्याकडे हिवाळ्यात रात्री लाटांवर दिसते ती निळी चमक. ती नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवांची असते. पाणी ढवळलं की ते स्वतः प्रकाश देतात. घरच्या गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते जगणार नाहीत, तेव्हा तो विचार बाजूला ठेवा. दुसरी गोष्ट फ्लुओरोसंट रंगांची. हे रंग निळा किंवा जांभळा प्रकाश शोषतात आणि लगेच हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा गुलाबी होऊन परत देतात. दिवा बंद केला की चमकही बंद. प्लास्टिकची झाडं, नारिंगी खोटी प्रवाळं, भडक खडे सगळे या प्रकारातले. तिसरी गोष्ट प्रकाश साठवणाऱ्या दगडांची. त्यात बहुतेक वेळा स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट असतं. दिवा बंद केल्यावर पहिली काही मिनिटं ते छान हिरवट उजळतात, मग झपाट्याने मंद होतात. तुमचे 'ग्लो' दगड बहुधा हेच असावेत, कारण दिवा चालू असताना ते फिक्कट पांढरट दिसतात असं तुम्ही लिहिलंय. दिवा चालू ठेवून त्यांच्याकडून चमक मागणं म्हणजे दुपारी चांदणं शोधणं.

या दगडांबद्दल एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. हा पदार्थ पाण्याशी थेट संपर्क आला की हळूहळू खराब होतो. म्हणून त्यावर रेझिनचं अखंड आवरण लागतं. ज्या दगडाला तडा किंवा टवका आहे, ज्याची पूड बोटाला लागते, तो बाहेर काढा. आणि पाच किलो दगडांपैकी खालच्या थरातल्यांना प्रकाश मिळतच नाही, म्हणजे ते चमकणारही नाहीत. वरच्या थरात विखुरलेले ३०० ते ४०० ग्रॅम पुरतात.

आता दिवा, म्हणजे खरा मुद्दा. फ्लुओरोसंट रंगांसाठी ४४५ ते ४५५ नॅनोमीटरचा (हे प्रकाशलहरीच्या लांबीचं माप, त्यावरून रंग ठरतो) निळा एलईडी घ्या. दुकानात तो 'रॉयल ब्लू' किंवा 'अॅक्टिनिक' नावाने मिळतो. तुमच्या टँकला, म्हणजे तळ आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४० लिटर पाण्याला, ६ ते ८ वॅटचा निळा दिवा भरपूर होतो. आरजीबी पट्टी का कमी पडते, याचा हिशोब बघा. मीटरला ६० दिव्यांची नेहमीची '५०५०' प्रकारची पट्टी १४.४ वॅटची असते, पण ते तिन्ही रंग एकत्र लागल्यावर. फक्त निळा लावला तर एक तृतीयांश, म्हणजे मीटरला ४.८ वॅट. तुमच्या ६० सेंटिमीटरला ते जेमतेम तीन वॅट झाले. त्यातही तो निळा सहसा ४६० ते ४७० नॅनोमीटरचा असतो आणि रंगांना तितका उठाव देत नाही. प्रकाश कमी वाटला म्हणून माणूस रिमोटवर जांभळा लावतो. जांभळ्यात लाल मिसळलेला असतो आणि तो लाल प्रकाश गुलाबी-नारिंगी चमक झाकून टाकतो. तुमचा जांभळटपणा इथून आलाय.

यूव्हीला माझा विरोध दोन कारणांनी आहे. ३६५ ते ४०० नॅनोमीटरचा 'ब्लॅकलाइट' डोळ्यांना फारसा दिसत नाही, त्यामुळे बाहुली आकुंचन पावत नाही आणि आपण, त्यातही मुलं, त्याकडे बघत राहतात. माशांना पापण्याच नाहीत, त्यांना डोळे मिटताही येत नाहीत. आणि प्लास्टिकचे रंग त्या प्रकाशात लवकर विटतात. त्याहून मोठा धोका नावाच्या गोंधळाचा आहे. फिश टँकच्या दुकानात 'यूव्ही ट्यूब' मागितली तर पाणी निर्जंतुक करणारी २५४ नॅनोमीटरची ट्यूब हातात पडू शकते. ती बंद डब्यातच चालवायची असते. उघडी लावली तर डोळे आणि कातडी भाजते, मासेही मरतात.

निळ्याबरोबर वेगळ्या स्विचवर ६ ते ८ वॅटचा पांढरा, ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा) दिवा हवाच. निळ्या प्रकाशात लाल रंग जवळजवळ नसतो. त्यामुळे सुजलेले लालसर कल्ले, पंखांच्या मुळाशी उतरलेलं रक्त दिसतच नाही. रोज एकदा पांढऱ्या उजेडात खाऊ घाला आणि त्या पाच मिनिटांत प्रत्येक मासा नीट बघा.

दिव्याची जागाही महत्त्वाची. पट्टी झाकणाच्या पुढच्या एक तृतीयांश भागात लावा आणि किंचित मागे कलती ठेवा. मागे लावली तर सजावटीच्या मागच्या बाजू उजळतात आणि आपल्याला काळोखी बाजू दिसते. समोर दीड-दोन इंचाची काळी पट्टी लोंबती ठेवा, म्हणजे दिवे थेट डोळ्यांत येणार नाहीत. आणि माजघरातली ट्यूबलाइट बंद करा किंवा टँक तिच्यासमोरून हलवा. पांढऱ्या ट्यूबसमोर कुठलाही फ्लुओरोसंट टँक फिका पडतो. महागडा दिवा घ्यायच्या आधी हे एक करून बघा.

वेळ किती? खोटी झाडं असतील तर पांढरा संध्याकाळी ४ ते ७ आणि निळा ७ ते १० पुरे. जिवंत झाडं असतील, समजा जावा फर्न किंवा अनुबियास, तर पांढरा ६ ते ७ तास, आणि निळा धरून एकूण ८ ते ९ तासांच्या वर नाही. तुमचं पाणी हिरवं झालं ते गणपतीत दिवे रात्रंदिवस चालू राहिले म्हणून, शिवाय टँक खिडकीसमोर आहे. निळ्या दिव्यावरही शेवाळ वाढतं, तो निरुपद्रवी समजू नका. माशांनाही रात्रीचा पूर्ण अंधार लागतो. रात्रभर 'मूनलाइट' नावाचा मंद दिवा ठेवायची गरज नाही.

टायमर घेताना लाइट जाण्याचा विचार करा. फिरत्या तबकडीचा स्वस्त टायमर लाइट गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. पावसाळ्यात रोज दोन तास लाइट गेली तर आठवड्याभरात तुमचा संध्याकाळचा दिवा सकाळी लागायला लागेल. आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

आता मागची बाजू. समुद्राचं पोस्टर काढून टाका. निळा प्रकाश त्यावर पडून संपूर्ण पाठ निळी दिसते आणि पुढच्या वस्तू त्यात बुडतात. मागच्या काचेला बाहेरून मॅट काळं व्हिनाइल लावा. काचेवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून चिकटवलं आणि जुन्या एटीएम कार्डाने पाणी बाहेर सारलं की बुडबुडे राहत नाहीत. काळा चार्ट पेपर जून उजाडेपर्यंत चालतो, मग ओल धरतो, त्यावर बुरशी येते आणि काच व कागद यांच्यात पाणी उतरून चंदेरी ओघळ दिसतात. काचेला बाहेरून काळा ऑइल पेंट दिला तरी हरकत नाही, दोन हात द्या.

तळाला २ ते ४ मिलिमीटरची काळी खडी घ्या. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या तळावर ५ सेंटिमीटर थराला साधारण १३ किलो लागते. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. तिच्यात फ्लुओरोसंट खडे एक ते दीड किलो, तेही फक्त वरून, दोन-तीन ठिकाणी पुंजक्यांनी. सगळा तळ भडक केला तर तळच चमकतो आणि मासे काळ्या सावलीसारखे दिसतात. तळावरून परतणारा प्रकाश बऱ्याच माशांना नकोसा असतो. तुमचे मासे कोपऱ्यात दडतात त्याचं हे एक कारण असू शकतं. दुसरं, त्यांना लपायला जागाच नाही.

काळी वाळू म्हटल्यावर रत्नागिरीच्या मांडवीची आठवण कोकणात कुणालाही होते. ती टँकसाठी आणू नका. तिच्यात इल्मेनाइटसारखी जड लोहखनिजं असतात, दाणा बारीक असतो, थर घट्ट बसतो आणि खाली कुजट वायू साठतो. लोहचुंबकाला ओढले जाणारे कण पाण्याबरोबर फिल्टरच्या पंपात शिरतात आणि आतल्या चुंबकी फिरकीला चिकटून ती झिजवतात. कुठल्याही काळ्या वाळूची परीक्षा सोपी आहे. कोरड्या वाळूत चुंबक फिरवा, त्याला दाढी फुटली की ती वाळू टँकसाठी नाही.

तुमची किनाऱ्यावरची फिकट वाळू आणि शिंपले यांचं काय? ती वाळू प्रकाश परत फेकते म्हणून चमक फिकी पाडते, हा एक भाग झाला. दुसरा भाग पाण्याचा. शिंपले आणि शिंपल्यांचा चुरा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते विरघळून पाणी जड करतं आणि पीएच वर नेतं. व्हिनेगरचे चार थेंब टाका, फेस आला तर कार्बोनेट आहे. मात्र इथे सरसकट 'नको' म्हणता येत नाही, कारण ते तुमच्या विहिरीवर अवलंबून आहे. जांभ्या कातळातल्या विहिरींचं पाणी बहुतेक वेळा मऊ आणि आम्लधर्मी असतं, पीएच साडेसहाच्या खाली असू शकतो आणि कार्बोनेटचा आधार फार कमी. अशा पाण्यात पीएच अचानक कोसळायची भीती असते, तिथे दोन-तीन शिंपले मदतच करतात. खाडीजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर तेच शिंपले त्रास देतील. केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, मोजायचं थेंबांचं किट घ्या. केएच ३ च्या खाली असेल तर दोन-तीन शिंपले ठेवा, ५ च्या वर असेल तर सगळे काढा. मासे आत असताना सगळी वाळू एका दिवसात उपसू नका. मासे बादलीत काढून जुनं पाणी आणि फिल्टरचा स्पंज जपून ठेवा, मग तळ बदला. स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात धुतला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि आठवड्याभरात अमोनिया चढतो.

मालवणच्या बाजूला किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे मिळतात, ते उचलून टँकमध्ये ठेवायचा मोह आवरा. कठीण प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आणि मेलेलं पांढरं प्रवाळ निळ्या दिव्याखाली चमकतही नाही. जांभ्या चिऱ्याचा तुकडा मात्र चालतो, पण बोटाने घासून लाल भुगा पडणारा नको. कठीण, गडद तुकडा ब्रशने धुऊन, दोन दिवस बादलीत बुडवून बघा. त्या काळपट तपकिरी दगडासमोर एक नारिंगी खोटं प्रवाळ ठेवलं तर ते जितकं उठून दिसतं, तितकं दहा रंगीत वस्तूंच्या गर्दीत दिसत नाही.

सजावट किती, याला माझं उत्तर तुमच्या मापासाठी तीन मोठ्या वस्तू आणि झाडांचे चार-पाच झुपके असं आहे. चमकणारे रंग दोनच निवडा. हिरवा आणि नारिंगी ही जोडी निळ्या दिव्याखाली सगळ्यात खात्रीची. 'फ्लुओरोसंट निळ्या' वस्तू टाळा, त्या बहुतेक यूव्हीखालीच उजळतात आणि निळ्या दिव्यात नुसत्या निळ्या दिसतात. सर्वांत उंच वस्तू मधोमध न ठेवता एका बाजूला, काचेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ठेवा. समोरचा अर्धा भाग पोहायला मोकळा राहू द्या. एक तरी गुहा किंवा झाडांची दाट जागा न चमकणारी, काळोखी असू द्या.

विकत घेताना दुकानातच मोबाइलच्या टॉर्चवर निळा जिलेटिन कागद धरून वस्तू तपासा. खरा फ्लुओरोसंट रंग थोडा तरी उजळतो, नुसता भडक रंग काळवंडतो. घरी आणल्यावर कोमट पाण्याच्या पांढऱ्या वाडग्यात २४ तास ठेवा. पाण्याला रंग आला, तेलकट तवंग दिसला किंवा पांढऱ्या फडक्याला रंग लागला तर ती वस्तू टँकमध्ये जाणार नाही. झाडांच्या बुंध्यात तार किंवा शिशाची पट्टी असते, ती काढून टाका. धारदार कडा पायातला जुना नायलॉनचा मोजा फिरवून कळतात. मोजा अडकला तर माशाचा पंखही फाटेल.

विजेच्या बाबतीत कोकणात जास्त काळजी घ्यावी लागते, कारण खारी हवा आणि पावसाची ओल जोडांमधलं तांबं खाते. मखराची पट्टी बहुधा उघडी असते, तिला पाण्यापासून संरक्षण नसतं, ती आजच काढा. टँकवर आयपी ६७ किंवा ६८ दर्जाची (पाणी आत न शिरणारी) पट्टी किंवा बंद नळीतला दिवा घ्या. पट्टीमागचा डिंक ओलीत सुटतो, म्हणून ती अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवून केबल टायने आवळा. जोड झाकताना एक चूक फार होते. टँकच्या काचा जोडायचं आंबट वासाचं सिलिकॉन तारांच्या जोडावर लावतात. त्यातून सुकताना अॅसेटिक आम्ल निघतं आणि तांबं हिरवं पडतं. जोडासाठी न्यूट्रल क्युअर (आम्ल न सोडणारं) सिलिकॉन वापरा आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी, नळी. पाण्याच्या आत मात्र न्यूट्रल नको, तिथे बुरशीनाशक नसलेलं आंबट वासाचंच.

दोन्ही दिवे मिळून १६ वॅट धरले तर १२ व्होल्टला सव्वा ते दीड अँपिअर लागतो, २ अँपिअरचा अॅडॉप्टर योग्य. तो झाकणावर ठेवू नका, भिंतीवर टँकच्या बाजूला अडकवा. प्रत्येक वायर प्लगमध्ये जायच्या आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर फिश टँकच्या निमित्ताने तो बसवून घ्या. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की प्लग उपसा. स्विच बंद केल्याने आकाशातली वीज अडत नाही.

माशांबद्दल. ६ विडो टेट्रा किंवा ८ झेब्रा डॅनिओ या टँकला ठीक. निऑन टेट्राचा पट्टा चमकतो तो परावर्तनामुळे, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पाणी ३० अंशांच्या वर जातं, ते त्याला मानवत नाही. दुकानातले भडक गुलाबी-हिरवे टेट्रा दोन प्रकारचे असू शकतात. काही रंगात बुडवून किंवा सुईने रंग टोचून केलेले असतात. त्यांचा रंग ठिगळासारखा असतो, काही महिन्यांत उतरतो आणि मासा आजारी पडतो. ते घेऊ नका, मागणी थांबली तरच तो क्रूरपणा थांबेल. दुसरे जनुकीय बदल केलेले. १९९९ मध्ये सिंगापूरच्या विद्यापीठात झेब्रा डॅनिओमध्ये जेलीफिशचं चमकतं प्रथिन घालून ही सुरुवात झाली आणि २००३ पासून अमेरिकेत असे मासे विकले जाऊ लागले. आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या जिवांबद्दलच्या १९८९ च्या नियमांनुसार असा जीव आणायला आणि विकायला केंद्राच्या समितीची परवानगी लागते, तेव्हा विक्रेत्याला ती मागा. कुणी भेट म्हणून दिले असतील तर विहिरीत किंवा व्हाळात कधीच सोडू नका. ब्राझीलमध्ये मत्स्यशेतीतून निसटलेले असे मासे ओढ्यांत वाढलेले सापडले आहेत. साधे काळे विडो टेट्रा हिरव्या-नारिंगी झाडांसमोरून फिरतात तेव्हा जे दिसतं, ते मला या सगळ्यांपेक्षा सुंदर वाटतं.

पहिले काही आठवडे सजावटीवर तपकिरी थर येईल, तो डायटम शेवाळाचा. त्याने चमक निम्म्यावर येते आणि लोकांना वाटतं रंग उडाला. दोन-तीन आठवड्यांनी मऊ टूथब्रशने, साबणाशिवाय, टँकमधून काढलेल्या पाण्यातच घासा. उन्हात वाळवू नका, फ्लुओरोसंट रंग उन्हातच सगळ्यात लवकर मरतो.

फोटोत सगळं निळं येतं अशीही तक्रार होती. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर पिवळ्या-नारिंगी जिलेटिन कागदाचा एक पदर धरा, फ्लॅश बंद ठेवा आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा. कागदात निळा अडकतो आणि हिरवा-नारिंगी डोळ्यांना दिसतो तसा येतो. विहिरीच्या पाण्याचा केएच मोजलात की तो आकडा आणि असा एक फोटो इथे टाका, मग किती शिंपले ठेवायचे ते नक्की सांगता येईल.